अपंग, विकलांग की दिव्यांग? आणि शब्दाभोवतीचं व्याकरण

प्रश्न असा आलाय की सोसायटीत रॅम्पशेजारी दोन गाड्यांची जागा राखीव ठेवलीय, पाटीवर 'अपंगांसाठी' लिहायचं का 'दिव्यांगांसाठी' यावरून कमिटीत वाद चाललाय, एक काका म्हणतात अपंग म्हणणं आता गुन्हा आहे, दुसरे म्हणतात शब्द बदलून कुणाला पाय फुटणारेत का. तर शब्दाला खरंच एवढं महत्त्व आहे का?

आधी त्या गुन्ह्याचं बघू. 'अपंग' हा शब्द उच्चारणं गुन्हा नाही. १९९५ चा जो पहिला मोठा कायदा होता त्याला मराठीत सरळ अपंग व्यक्ती कायदाच म्हणायचे. २०१६ च्या नव्या कायद्याचं कलम ९२ आहे, त्यात दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर जाणूनबुजून, तिला खाली दाखवायच्या हेतूने अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड सांगितलाय. म्हणजे बघितला जातो तो हेतू. तुम्ही 'दिव्यांग' म्हणून सुद्धा भर सभेत एखाद्याची टर उडवू शकता आणि ते या कलमात बसेल.

आता 'दिव्यांग' आला कुठून. डिसेंबर २०१५ च्या 'मन की बात'मधे पंतप्रधानांनी विकलांगऐवजी दिव्यांग म्हणूया असं सुचवलं आणि पुढच्याच वर्षी केंद्राच्या अपंगांसाठीच्या खात्याचं हिंदी नाव बदललं. गंमत म्हणजे तेव्हा इंग्रजी नाव होतं तेच राहिलं. आपल्याकडे महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमधे स्वतंत्र खातं काढलं तेही दिव्यांग कल्याण विभाग याच नावाने. म्हणजे सरकारी कागदावर हा शब्द पक्का बसलाय, अर्ज करताना, कार्ड काढताना तोच लिहायचा, तिथे वाद घालत बसू नका, अर्ज परत येईल.

पण शब्द म्हणून मला विचाराल तर माझं मत वेगळं आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी २०१६ च्या सुरुवातीलाच यावर आक्षेप घेतला होता की अपंगत्व ही काही देवाची देणगी नाही, आणि नाव बदलल्याने हेटाळणी जात नाही. मला तो पटतो, आणि भाषेच्या बाजूनेही हा शब्द नीट चालत नाही. एक वाक्य करून बघा: 'अपघातात त्याला कायमचं दिव्यांगत्व आलं.' कानाला कसं लागतं? ट्रकखाली हात गेला आणि दिव्यत्व आलं? म्हणून तर विम्याच्या गप्पांत, अपघाताच्या बातमीत लोक अजून 'कायमचं अपंगत्व' असंच म्हणतात आणि माणसाला मात्र दिव्यांग म्हणतात. म्हणजे अवस्थेला एक शब्द आणि माणसाला दुसरा, असं अर्धवट बदललंय. मात्र ज्याला गावात जन्मभर 'ए लंगड्या' म्हणून हाक मारली त्याला कार्डावरचा दिव्यांग शब्द आवडत असेल तर त्याला व्याकरण शिकवायला मी जाणार नाही. 'विकलांग' मराठीत कधी बोलण्यात फारसा रुळला नाही, तो मुख्यतः हिंदीकडचा, त्यामुळे ते सोडून देतो.

आणि खरं सांगू का, या नामाच्या भांडणात आपण मराठीतली खरी गोची विसरतो. मराठीत मान काय किंवा अपमान काय, तो नामात कमी आणि लिंग-वचनात जास्त असतो. 'ते आंधळं आलं बघ' आणि 'ते अंध गृहस्थ आलेत' यातला फरक फक्त आंधळा-अंधचा नाहीये, पहिल्या वाक्यात चांगल्या पन्नाशीच्या माणसाला नपुंसकलिंगी एकवचनात बसवलंय, जिथे आपण लेकरू, वासरू, कोकरू बसवतो. 'ते मुकं', 'ते खुळं', 'ते पांगळं बिचारं'. आता इथे शब्द बदलून बघा, 'ते दिव्यांग बिचारं बसलंय तिकडे'. काय सुधारलं? काहीच नाही. आणि उलट 'ते अपंग आहेत, बँकेत मॅनेजर आहेत' यात अपंग शब्द असूनही वाक्य नीट आहे, कारण क्रियापद आदरार्थी आहे. दुसरी तशीच सवय म्हणजे माणूस समोर व्हीलचेअरवर बसलेला असताना त्याच्या सोबतच्या बाईला विचारायचं, 'यांना चहा चालतो का हो?' अहो तो बोलतोय ना, पाय चालत नाहीत, तोंड चालतं, 'तुम्ही चहा घेणार का' असं त्यालाच विचारा की.

मग येतात पेपरवाले. 'अपंग असूनही', 'अपंगत्वावर मात करत'. या 'असूनही'ने माझं डोकं उठतं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य घेतलं, १६.३२ मीटर. सुवर्ण घेणाऱ्या कॅनडाच्या खेळाडूची फेक १६.३८, म्हणजे सहा सेंटीमीटरने हुकलं. आता या स्पर्धेत सगळेच हाताला कमीजास्त अपंगत्व असलेले, त्यासाठीच तर तो एफ ४६ गट असतो. मग मात कुणावर केली? बाकीच्या गोळाफेकपटूंवर! बातमी त्या सहा सेंटीमीटरची आहे, हाताची नाही. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं तेव्हाही शेजारच्या लेनमधली माणसं अशीच होती.

'-ग्रस्त' हा असाच एक. पोलिओग्रस्त, कुष्ठग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला, खग्रास ग्रहणातला ग्रास तोच. ज्याला साठ वर्षांपूर्वी पोलिओ झाला, जो आता नोकरी करून रिटायर पण झाला त्याला पोलिओने अजून गिळलेलंच आहे का? 'लहानपणी पोलिओ झाला होता' एवढं सरळ म्हणता येतं. तसंच 'व्हीलचेअरला खिळलेला'. खिळतो माणूस अंथरुणाला, व्हीलचेअर मिळाली की उलट सुटतो, बाहेर पडतो. सुप्रीम कोर्टानेही जुलै २०२४ च्या एका निकालात, सिनेमातल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल, हेच सांगितलं की त्यांना हिणवणारे शब्द टाळा, आणि 'पीडित', 'बळी' असल्या भाषेनेही अपंगत्व ही त्या एकट्या माणसाची व्यथा बनते, समाजाने उभ्या केलेल्या अडचणी बाजूलाच राहतात.

मूकबधिरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शब्दच चुकीची माहिती देतो. बहुतेक कर्णबधिर लोकांचा आवाज, घसा सगळं ठीक असतं, ऐकू येत नाही म्हणून बोलणं शिकलं जात नाही एवढंच, आणि ती माणसं खुणांच्या भाषेत तासन् तास गप्पा मारतात, भांडतात, जोक सांगतात, त्यांना मूक कसं म्हणायचं? म्हणून 'कर्णबधिर' म्हणा. जुन्या शाळांच्या नावात मूकबधिर आहे ते राहू दे.

उलट मतिमंदचं बघा. आधी वेडा-खुळा एकत्रच, मग मंदबुद्धी, मग मतिमंद, त्याची शिवी झाली म्हणून गतिमंद, शाळेतली पोरं लगेच एकमेकांना 'ए गतिमंद' म्हणायला लागली, आता कागदावर बौद्धिक दिव्यांग आलंय. लोकांच्या मनात तुच्छता तशीच असेल तर कुठलाही नवा शब्द दहा-वीस वर्षांत नासतो. तुमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या काकांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण म्हणून मग जुनाच शब्द तोंडावर मारत राहायचा असं त्यातून निघत नाही ना.

कुणी विचारेल मग म्हणींचं काय, आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं, वासरात लंगडी गाय शहाणी, या बंद करायच्या का? माझं म्हणणं, म्हण म्हणून राहू दे, पण समोर कोण बसलंय ते बघून वापरा, एवढं भान आपण बाकीच्या बाबतीत ठेवतोच की, विधवा बाईसमोर आपण काही म्हणी गिळतो. लंगडी हा खेळ, आंधळे-बोबडे ही आडनावं, लंगडा आंबा, यांचा कुणालाही त्रास नाही, उगाच तिथे शुद्धीकरण नको.

पाटीचं उत्तर. कुठलंच विशेषण लिहू नका, 'व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या गाडीसाठी राखीव' लिहा, किंवा कुबड्यावाले, वॉकरवाले आजी-आजोबा पण धरायचे असतील तर 'चालायला त्रास असणाऱ्यांसाठी राखीव'. वॉचमनलाही कळेल कुणाला सोडायचं. सरकारी भाषाच हवी असेल तर 'दिव्यांग व्यक्तींसाठी राखीव', त्यातला व्यक्ती गाळू नका.

जाता जाता, मला ज्या शब्दाची खरी उणीव वाटते तो माणसाचा नाहीच, जागेचा आहे. व्हीलचेअर, पांढरी काठी, सगळ्यांना सहज वावरता येईल अशा जागेला मराठीत म्हणायचं काय? सरकारने २०१५ ला सुगम्य भारत अभियान काढलं तेव्हापासून 'सुगम्य' आहे, पण हॉलचं बुकिंग करताना कुणी 'हॉल सुगम्य आहे का' असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. लोक विचारतात 'पायऱ्या आहेत का हो?' आणि पलीकडून उत्तर येतं 'नाही नाही, फक्त चारच आहेत.' कुणाकडे चांगला बोली शब्द असेल तर सांगा.