एच-४ वरून एफ-१ : स्टेटस इथेच बदलावे की मुंबईला जाऊन व्हिसा आणावा?

आपली मुलगी सहाव्या वर्षी अमेरिकेत आली, आज ती साडेएकोणीस वर्षांची असून न्यू जर्सीतच महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आपल्या यजमानांचे आय-१४० (नोकरीच्या आधारे ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका) मंजूर होऊन बरीच वर्षे लोटली तरी ग्रीन कार्डाची पाळी आलेली नाही, असे आपण लिहिले आहे. तिला २१ वर्षे पूर्ण होण्याआधी तिचे एच-४ स्टेटस, म्हणजे आई-वडिलांवर अवलंबून म्हणून इथे राहण्याची परवानगी, इथल्या इथे विद्यार्थ्यांच्या एफ-१ मध्ये बदलावे, की तिला मुंबईला पाठवून एफ-१ चे स्टॅम्पिंग करून (पासपोर्टवर व्हिसा घेऊन) आणावे, असा आपला प्रश्न आहे. मी वकील नाही, परंतु माझ्या मुलाच्या वेळी २०२३ मध्ये आम्ही याच पेचातून गेलो आहोत. माझे उत्तर असे आहे की स्टेटस इथेच बदलून घ्यावे, आणि त्यासाठी एकविसाव्या वाढदिवसाच्या जवळ जाण्याची वाट पाहू नये.

सर्वांत आधी तारखेविषयी लिहितो, कारण या बाबतीत अनेक घरांत गैरसमज आढळतो. आई किंवा वडिलांच्या एच-१बी (नोकरीच्या) स्टेटसवर अवलंबून असलेल्या अपत्याचे एच-४ स्टेटस वयाला २१ वर्षे पूर्ण होताच संपते. आय-९४ वर, म्हणजे देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवर, छापलेली तारीख बहुधा त्याच बेताने घातलेली असते, पण ती चुकून वाढदिवसाच्या पलीकडची असली तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही. दुसरा गैरसमज २००२ च्या सीएसपीए, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत वय उलटणाऱ्या मुलांना संरक्षण देणाऱ्या, कायद्याविषयीचा आहे. आय-१४० प्रलंबित असतानाचे दिवस मुलाच्या वयातून वजा करण्याची जी तरतूद आहे, ती केवळ ग्रीन कार्डाच्या हिशेबापुरती आहे. एच-४ टिकवण्यासाठी तिचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट, एफ-१ घेतल्यामुळे ग्रीन कार्डातील मुलीचा वाटा गेला, ही भीतीही निराधार आहे. सीएसपीएच्या हिशेबाने वय २१ च्या आत असताना आणि ती अविवाहित असताना वडिलांची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतील क्रम ठरवणारी तारीख) लागली, तर एफ-१ वर असलेली मुलगीही त्यांच्याबरोबर अर्ज करू शकते.

वाढदिवसापर्यंत थांबू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण केवळ मुदतीची भीती हे नाही. एच-४ वरच्या मुलांना शिकता येते, पण कमावता येत नाही. एच-४ वर काम करण्याची जी परवानगी २०१५ पासून मिळू लागली, ती काही ठरावीक अटींवर पती-पत्नींसाठी आहे, मुलांसाठी नाही. वर्गातील सारी मुले उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिपला निघून जातात आणि आपले मूल, तितकेच हुशार असूनही, घरी बसते, हे मी दोन उन्हाळे पाहिले आहे. त्याने कधी तक्रार केली नाही, म्हणून मला ते अधिक लागले. एफ-१ मिळाल्यावर विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिपसाठी सीपीटी ही परवानगी मिळू शकते आणि पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातील कामाची परवानगी, मिळते, जी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताच्या विषयांत आणखी २४ महिने वाढवता येते. सीपीटी आणि ओपीटीसाठी एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेले असावे लागते; त्या वर्षात एच-४ वर पूर्णवेळ शिकलेला काळही धरला जातो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो पैशाचा आहे. अनेक राज्यांतील सरकारी विद्यापीठे तिथे राहणाऱ्या एच-४ विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांची फी लावतात, पण एफ-१ विद्यार्थ्यांना सहसा लावत नाहीत. स्टेटस बदलताच वर्षाची फी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. म्हणून अर्जाला हात लावण्यापूर्वी विद्यापीठाकडून हे उत्तर लेखी मागवावे. फीमध्ये खरोखरच मोठा फरक पडत असेल, तर एखादे सत्र उशिराने अर्ज करणे हा समजूतदार निर्णय ठरू शकतो. मात्र ते सत्र वाढदिवसाच्या किमान सहा-आठ महिने आधी संपले पाहिजे.

प्रत्यक्ष प्रक्रिया लांबलचक असली तरी अवघड नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील डीएसओ (हे काम पाहणारे अधिकारी) एका वर्षाच्या खर्चाची तजवीज पाहून आय-२० हा एफ-१ साठीचा दाखला देतात. तेथे आपल्या बँकेचे व पगाराचे कागद लागतात. त्यानंतर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी भरायची आणि यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे स्टेटस बदलण्याचा आय-५३९ अर्ज करायचा. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर अशी आहे. अर्ज पोहोचण्याच्या दिवशी तिचे एच-४ चालू असणे अत्यावश्यक आहे. पूर्वी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत जुने स्टेटस टिकवावे लागे आणि त्यासाठी मध्ये आणखी अर्ज करावे लागत. जुलै २०२१ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली, तेव्हा जुन्या अनुभवाचे कोणी सल्ले दिले तर तेवढा भाग सोडून द्यावा. आय-२० वरील सुरुवातीची तारीख आली तरी निर्णय लागला नसेल, तर डीएसओला सांगून ती पुढच्या सत्रावर ढकलून घ्यावी लागते. याची आठवण आपणच ठेवायची असते.

आमच्या बाबतीत सुरुवातीलाच चूक झाली. महाविद्यालयाने दिलेला पहिला आय-२० बाहेरून व्हिसा घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा होता, स्टेटस बदलणाऱ्याचा नव्हता, आणि मीही तो न वाचताच फायलीत ठेवला होता. मुलाच्याच ते लक्षात आले आणि दुसरा आय-२० येण्यात तीन आठवडे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ज केला. त्या जूनपासून अशा अर्जांना प्रीमियम प्रोसेसिंगची, म्हणजे जादा फी भरून लवकर निर्णय मिळवण्याची, सोय सुरू झाली, तेव्हा आम्ही १,७५० डॉलर भरले आणि जुलैच्या अखेरीस मंजुरी हाती आली. मुलाचा एकविसावा वाढदिवस नोव्हेंबरमध्ये होता. ही फी त्यानंतर वाढली आहे. तरीही वाढदिवसाला चार महिने उरले असतील आणि निर्णय लागला नसेल, तर हा खर्च करावा, असेच मी म्हणेन.

आता ज्या गोष्टीने आमची झोप उडाली होती, तिच्याविषयी. एच-१बी आणि एच-४ वर असताना ग्रीन कार्डाची इच्छा बाळगण्यास कायद्याची हरकत नसते. एफ-१ मागणाऱ्याने मात्र परदेशात आपले घर आहे आणि ते सोडून देण्याचा आपला इरादा नाही, हे दाखवायचे असते. पाचव्या वर्षी सांगली सोडलेल्या मुलाने हे कसे दाखवायचे? काही हितचिंतकांनी सुचवले की वडिलांच्या आय-१४० चा उल्लेखच टाळावा. तसे कदापि करू नये. अर्जात इमिग्रंट पिटिशनविषयी, म्हणजे ग्रीन कार्डाच्या याचिकेविषयी, विचारलेले असते, वडिलांची फाइल सरकारच्याच दप्तरी असते, आणि महत्त्वाची गोष्ट दडवून किंवा खोटी सांगून लाभ मिळवू पाहणाऱ्यावर कायमची प्रवेशबंदी येऊ शकते. आम्ही वकिलांना विचारून प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर दिले आणि सोबत मुलाने स्वतः लिहिलेले दीड पानाचे पत्र जोडले. आय-१४० वडिलांच्या नावाचे आहे, मी केवळ त्यांच्यावर अवलंबून होतो, ते अवलंबित्व वयामुळे संपत आहे, माझा आताचा हेतू हाती घेतलेली पदवी पूर्ण करण्याचा आहे, आणि आजीचे घर सांगलीत आहे जिथे मी दर दोन वर्षांनी जातो, असे त्याने सरळ लिहिले. आपल्या मुलीलाही हे पत्र स्वतः लिहू द्यावे. तिच्या आयुष्याचा निर्णय होत असताना तिने केवळ सही करावी, हे मला योग्य वाटत नाही.

मुंबईच्या वाटेविषयी माझी अनुकूलता कमी का, तेही सांगतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत हाच हेतूचा प्रश्न तिला काही मिनिटांत, तोंडी आणि एकटीने सोडवावा लागेल, आणि व्हिसा नाकारला गेला तर तिचे घर, वर्ग, परीक्षा सारे इथे आणि ती तिकडे, अशी अवस्था होईल. इथे केलेल्या अर्जात म्हणणे विस्ताराने मांडता येते. अर्थात इथे मिळते ते स्टेटस, देशात प्रवेशासाठी लागणारा व्हिसा नव्हे. पुढे ती भारतात गेली की परतण्याआधी एफ-१ व्हिसा घ्यावाच लागेल. ती भेट पदवीच्या मधल्या सत्रांत न ठेवता, जवळ चांगले गुण आणि पूर्ण झालेली वर्षे असताना ठेवावी.

आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी. अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकले की स्टेटस बदलण्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. त्या एप्रिलमध्ये माझ्या आईची शस्त्रक्रिया झाली; मी गेलो, मुलाला जाता आले नाही. असे होऊ शकते हे आम्ही त्याला आणि आजीला अर्ज करण्यापूर्वीच सांगितले होते, त्यामुळे तिने त्याच्या न येण्याचा वेगळा अर्थ लावला नाही, आणि मंजुरी आल्याचा पहिला फोन त्याने तिलाच केला.