‘रन’ या इंग्रजी शब्दाचे सर्व अर्थ पाठ कसे करावेत?

पाठ करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, पुढे नोंदींची फेरतपासणी झाली, तेव्हा ‘रन’ने तिला मागे टाकले आणि या शब्दाच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ती यादी संपादकांनाही मुखोद्गत नसणार.

मी एका भाषांतराच्या कचेरीत असताना तेथील वरिष्ठांनी ‘रन म्हणजे चालवणे’ असे शब्दसूचीत कायमचे नोंदवून ठेवले होते. एका अहवालात ‘अ रन ऑन द बँक’ असे शब्द आले. मी ‘ठेवी काढून घेण्यासाठी ठेवीदारांची उडालेली झुंबड’ असे लिहिले. त्यांनी ते खोडून ‘बँक चालवणे’ असे केले आणि मी हरकत घेताच सूचीवर बोट ठेवून मला शिस्तीचे महत्त्व ऐकवले. परिणामी, बँक चालवल्यामुळे ती बुडाली, असे वाक्य छापून गेले. (काही बँकांच्या बाबतीत ते खरेही असेल.) येथे ‘रन’ हे नाम आहे आणि त्याला ‘ऑन’ जोडलेले आहे, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

आपणही तेवढेच पाहावे: शब्द नाम आहे की क्रियापद, कर्ता कोण, कर्म आहे का आणि पाठोपाठ कोणते अव्यय येते. कर्ता नाक असेल तर ते वाहते, कपड्याचा रंग असेल तर तो धुताना पसरतो, करार असेल तर तो अमुक मुदतीपर्यंत लागू राहतो. दुकान किंवा संगणकाची आज्ञावली कर्म म्हणून आली, तरच ‘चालवणे’ बसते. वरिष्ठांचा लाडका अर्थ तो एवढाच. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे बहुधा अवचित गाठ पडणे. निवडणुकीला अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार मात्र आपल्यासारखाच उभा राहतो.

शब्दसूची निरुपयोगी असते, असे नाही. कायद्याच्या आणि तांत्रिक मजकुरात एका संज्ञेला एकच प्रतिशब्द हवा, हे मला मान्य आहे. परंतु हाच नियम साध्या क्रियापदांना लावणाऱ्यांनी ‘भूक लागली’, ‘निकाल लागला’ आणि ‘ठेच लागली’ यांतील ‘लागणे’साठी एकच इंग्रजी क्रियापद शोधून द्यावे, मग मी त्यांची सूची निमूटपणे वापरीन.