वॉरंटीतल्या नव्या गाडीत जास्त दाट इंजिन ऑइल घालावे का?

आपल्या पेट्रोल गाडीच्या माहितीपुस्तिकेत ०डब्ल्यू-२० हा ऑइलचा ग्रेड लिहिलेला असताना, ‘आपल्याकडच्या उन्हाळ्याला हेच बरे’ म्हणून गॅरेजवाल्याने १५डब्ल्यू-४० सुचवले आहे; वॉरंटी संपेपर्यंत तरी हा सल्ला मानू नये. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा दाटपणा किती राहतो ते दाखवतो. आणि तापलेल्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट व कूलंट बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवत असल्यामुळे नागपूरच्या मे महिन्याचा बाऊ इथे वाटतो तेवढा करण्याचे कारण नाही.

ब्रँड कोणता, यापेक्षा डब्याच्या मागचा मजकूर महत्त्वाचा आहे. ग्रेडबरोबरच पुस्तिकेत दिलेले एपीआय (अमेरिकन) किंवा एसीईए (युरोपीय) हे ऑइलच्या दर्जाचे मानकही जुळले पाहिजे. (डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत तर कमी राख देणारे, उदाहरणार्थ एसीईए सी३ दर्जाचे, ऑइल लागते; कारण फिल्टरमधली काजळी जळून जाते, राख मात्र तशीच साठत राहते.)

ऑइल स्वतः आणून द्यायचे असल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते चालेल का, हे आधी विचारावे, आणि जॉबकार्डावर ग्रेड व किलोमीटर नोंदवून घेऊन बिल जपून ठेवावे.