पट्टी बिचारी काय करणार?

मे लागला की टपालात एकच रड : गाडी तापली की बंद पडते, म्हणजे कार्बोरेटरची बायमेटल पट्टी गेली ना? (कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळतो; ही पट्टी दोन धातूंची, तापली की वाकते.)

प्रश्न (भुसावळ) : १९७५ची एमजीबी, एसयू एचआयएफ कार्बोरेटर. दुपारी रेल्वे फाटकावर थांबली की बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू. पट्टी बदलू?
उत्तर : नको. पेट्रोल तापून पातळ झालं की जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोंडातून, जास्त वाहतं. पट्टी जेट किंचित वर सरकवून ते आवरते, बस. उकळणाऱ्या पेट्रोलपुढे ती काय करणार? हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा, जागेवर आहे का पाहा. आणि बंद पडताच आधी स्पार्क तपासा. स्पार्कला वीज पुरवणारी कॉइल तापली तर तीही हेच नाटक करते. एसयू हाताळलेल्या मिस्तरीला गाडी गरम असतानाच दाखवा.

प्रश्न (अमळनेर) : पद्मिनीला अशी पट्टी असते?
उत्तर : नसते.

प्रश्न (धुळे) : स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आहे. लळिंग घाट चढून आलो की आयडलिंग बिघडतं. मिस्तरी म्हणतो, पट्टीवाला कॉम्पेन्सेटर बंद करून टाकू, सगळे तेच करतात.
उत्तर : सगळे म्हणजे कोण? हा सल्ला वर्षातून दहादा ऐकतो. स्ट्रॉमबर्गची पट्टी जेटला हात लावत नाही. तापल्यावर एक छोटा व्हॉल्व्ह उघडून जास्तीची हवा आत सोडते. तो बंद केलात तर आमच्या पंचेचाळीस अंशांत गरम गाडी काळा धूर ओकेल, प्लग काजळतील, मग तोच मिस्तरी प्लगचे पैसे घेईल. इंजिन थंड असताना बाजूचं झाकण काढा, व्हॉल्व्ह बोटाने हलकेच ढकला. अडखळला तर मळ आहे, साफ करा. सहज परतला तर पट्टी बरी; मग आतले रबरी सील पाहा, ते कडक होतात आणि तिथून चोरटी हवा शिरते. सील चिल्लर किमतीचे, बदनामी मात्र पट्टीची. तिच्यावरचा नट कुणालाही फिरवू देऊ नका. बिघडलेलं सेटिंग अंदाजाने परत येत नाही, जाणकाराकडेच जा.

प्रश्न (नंदुरबार) : वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ‘पट्टी सेट’ करायला एकाने चार हजार मागितलेत.
उत्तर : देऊ नका. पट्टीला तापमान कळतं, इथेनॉल नाही. जळायला पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. जेट आणि त्यातली सुई जाणकाराकडून जुळवून घ्या.

प्रश्न (चाळीसगाव) : बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो. लग्नसराई उरकल्यावर दाखवलं तर चालेल?
उत्तर : नाही. जुना रबरी पाईप इथेनॉलने फुगतो, चिरतो, खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. गाडी सुरू करू नका, मिस्तरीला घरी बोलवा. आजच.