थोडीफार ओळख असलेल्या बाईने घटस्फोटाचं लोकांना कसं सांगावं?

ताई, तुम्ही विचारलंय की रील्समुळं तुमच्या भागात लोक तुम्हाला ओळखतात, मुलगा 4 वर्षांचा आहे, नवऱ्यापासून वेगळं व्हायचं नक्की झालंय पण लोकांना सांगायचं कसं, आणि सानिया मिर्झासारख्या बायका हे कसं निभावतात. मी लातूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते, माझाही घटस्फोट झालाय, एक मुलगी आहे. मला फॉलोअर्स नाहीत पण शाळेतल्या बाईच्या घरात काय चाललंय ते अख्ख्या गावाला लागतं, त्यामुळं तुमची धास्ती मला कळते.

सानियाचंच बघा. 2016 ला ती डबल्समध्ये जगात एक नंबरला होती आणि तेव्हा टीव्हीवर तिला विचारलं काय, तर सेटल कधी होणार, आई कधी होणार! तिने तिथंच सुनावलं आणि विचारणाऱ्याला माफी मागावी लागली. 2018 ला मुलगा झाला, 2020 च्या जानेवारीत परत येऊन तिने होबार्टची डबल्स जिंकली. आणि 2024 च्या जानेवारीत तिचा नवरा राहिलेला क्रिकेटपटू शोएब मलिकने नव्या लग्नाचे फोटो टाकले तेव्हा तिच्याकडून एक छोटं निवेदन आलं, की घटस्फोट होऊन काही महिने झालेत, त्याला पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा, आमची प्रायव्हसी जपा. बास. चूक कुणाची, काय झालं, एक शब्द नाही. मला हे लई पटलं, कारण उद्या तिच्या लेकराने ते वाचलं तरी त्याला आईबद्दल नाही की बापाबद्दल नाही, काही वाईट वाटणार नाही.

तुम्ही पण आधी कोर्टाचं उरका, पोस्ट नंतर. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्यातलं असेल तर कलम 22 प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते आणि त्यातलं काही छापता किंवा प्रसिद्ध करता येत नाही (फक्त हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचा निकाल, तोही कोर्टाच्या परवानगीने), हे लोकांना माहितीच नसतं. दोघांची संमती असेल तर 1 वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, मग अर्ज, मग 6 महिने थांबायचं, पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जुळायची शक्यताच नसेल तर हे 6 महिने कोर्ट माफ करू शकतं. 5 वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईकडंच राहतं, म्हणून मुलाच्या ताब्याचं आत्ताच वकिलाशी बोलून घ्या, उगं पुढं ढकलू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते, राग मानू नका. मुलाला रील्समधून काढा. आजपासूनच. ताब्याचा वाद पेटला तर समोरचा वकील तेच व्हिडिओ दाखवणार, लेकराला पैशासाठी वापरते म्हणणार, आणि ते सोडा पण कमेंटमध्ये लोक तुझा पप्पा कुठंय असं त्या पोरालाच विचारायला लागतील. तुमचं गाणं, बोलणं, स्वयंपाक जे काही असेल ते चालू ठेवा, ती तुमची कमाई आहे, उलट आत्ताच तर ती जास्त लागणार. आणि तुम्ही कमावता म्हणून मुलाच्या खर्चाची बापाची जबाबदारी संपत नाही, हे पण वकिलाकडून लिहून घ्या.

लोक बोलणारच. सप्ताहात, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत. मला विचारायचे तेव्हा मी एकच सांगायचे, "आम्ही वेगळे झालोत, पोरगी माझ्याकडं आहे," आणि पुढच्या प्रश्नाला विषय बदलायचे. सुरुवातीला जड जातं, पण दरवेळी तेच उत्तर मिळालं की विचारणारेच कंटाळतात. आईबापालाही तेच वाक्य शिकवून ठेवा, कारण पाव्हणे आधी त्यांनाच गाठतात.

लातूर, उदगीर, अहमदपूर इकडच्या असाल तर मेसेज करा, माझी केस बघणाऱ्या वकीलबाईंना विचारून त्यांचा नंबर देते.