सुटा मणका हातात आला की

हाडांच्या पेटीतला सुटा मणका उचललास की तो पाठीच्या कण्यात कुठला हे ओळखायला आकार बघत बसू नकोस, आधी भोकं शोध. दोन्ही बाजूंच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये (मणक्याच्या बाजूला आडवा निघालेला हाडाचा फाटा) भोक असेल तर मणका मानेचा, डोळे झाकून सांग. मानेच्या 7 पैकी वरच्या 6 मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी जाते. सातव्यातून सहसा फक्त शिरा जातात, म्हणून त्याचं भोक लहान.

भोक नाही? मग बॉडीच्या (मणक्याचा पुढचा जाड, गोलसर भाग) मागच्या कडेवरून नख फिरव. गुळगुळीत खळगा लागला तर मणका छातीचा, तिथे बरगडीचं डोकं टेकतं. असे 12. भोकही नाही, खळगाही नाही, तर कमरेचा, ते 5.

नवखे हमखास फसतात ते छातीच्या 11व्या-12व्याला. ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर बरगडीची खूण नसते, म्हणून 'कमरेचा' म्हणून मोकळे होतात. बॉडीलगतचा खळगा तिथेही असतो, तो बघ.

मणक्याच्या वरच्या सांध्यांचे (जिथे वरचा मणका टेकतो) पृष्ठभागही बोटाने चाचप. छातीत ते मागे तोंड करून असतात, कमरेत एकमेकांकडे. म्हणूनच कंबर पुढे-मागे छान वाकते, पण पीळ फारसा घेत नाही.