पेत्राचा प्रश्न

प्रिय बाळ,
ख्रिस्तात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ईस्टरच्या उपासनेतला क्वायरचा फोटो तू बोटांनी मोठा करकरून पाहतेस, ब्लाउजची बाही दंडात रुतलीय तिथे येऊन थांबतेस, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या तिचा दंड बघतेस. आता पुढच्या ओळीत उभीच राहणार नाही म्हणतेस. बाहीचं म्हणशील तर ती उसवून घे, आत माया असते. त्यासाठी दंड बारीक करायचं कारण नाही.

‘अगं, तूही सुंदरच आहेस’ असं मी लिहिणार नाही. तुला ते पटायचं नाही. आणि पटलं तरी पुढच्या रविवारी आणखी कुणी सडपातळ मुलगी शेजारी येऊन उभी राहिली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बायबलमधल्या १३९ व्या स्तोत्रातलं ‘अद्भुत’ घडणीचं वचन तर गुलाबाच्या चित्रावर छापून तुला व्हॉट्सॲपवर सगळ्यांनीच पाठवलं असेल. पण ते स्तोत्र दिसण्याबद्दल नाहीच. माझं बसणं-उठणं तुला ठाऊक आहे, तुझ्यापासून पळून मी जाऊ कुठे, असं ते बोलतं. कुठेही लपलं तरी देवाला आपण दिसतोच, हे कळलेल्या माणसाचं ते बोलणं आहे.

मला तुझ्यासाठी लेआ जवळची वाटते. उत्पत्तीचा २९ वा अध्याय काढ. तिचे डोळे निस्तेज, धाकटी बहीण राहेल देखणी, दोघींचा नवरा एकच, याकोब, आणि त्याचा जीव राहेलवर. शास्त्रानं हे लपवलेलं नाही, ‘दोघी आपापल्या परीनं छान’ अशी सारवासारवही केलेली नाही. पहिल्या तीन मुलग्यांच्या वेळी लेआचं तेच दुखणं: आता तरी तो माझ्याकडे बघेल का. चौथ्या खेपेला यहूदा होतो तेव्हा मात्र ती नवऱ्याचं नावच काढत नाही. आता मी परमेश्वराची स्तुती करीन, एवढंच म्हणते. ते फार टिकलं नाही बरं का. पुढच्याच अध्यायात दोघी बहिणी पुत्रदात्रीच्या फळांवरून, म्हणजे मूल व्हावं म्हणून खायच्या फळांवरून, हुज्जत घालतात. म्हणून एका प्रार्थनेत तुझं सगळं सुटेल असं मी सांगत नाही. पण दावीद आणि पुढे प्रभू येशू ज्या वंशात आले, तो वंश या यहूदाचा. नावडतीच्या मुलाचा.

आणि पेत्र, प्रभूंचा शिष्य. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभू त्याला म्हणतात, माझ्या मेंढरांना चार, म्हणजे माझ्या लोकांना सांभाळ. केवढी कामगिरी! आणि हा गडी मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो नि विचारतो, ह्याचं काय? उत्तर येतं, ‘त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.’ प्रभूंनी पेत्राला चुचकारलं नाही, दुसऱ्याला कमी लेखलं नाही. दोघांना शेजारी उभं करून मापायलाच नकार दिला. तो फोटो पुन्हा उघडावासा वाटला की हे वाक्य मोठ्यानं म्हण. थोडं रागावल्यासारखं लागेल. लागू दे.

त्याच अध्यायात, या बोलण्याच्या आधी, निखाऱ्यांवर मासळी आहे, भाकर आहे, आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांना प्रभू म्हणतात, या, न्याहारी करा. हे मी मुद्दाम लिहितेय. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, तू दुपारचं जेवण सोडलंस. ईस्टर होऊन इतके दिवस झाले तरी डबा तसाच घरी परत नेतेस आणि आईला ‘उपास’ सांगतेस. उपासात माणूस देवाकडे बघतो. तू वजनकाट्याकडे बघत होतीस, हे तुझं तुलाच ठाऊक आहे, म्हणून तर लिहिलंस. त्याला भक्तीचं नाव देऊ नकोस.

आपल्या चर्चमधल्या बायकाही काही कमी नाहीत. उपासना सुटली की फाटकाशीच, ‘काय गं, सुटलीस की!’ आणि आता वाळलीस तर ‘कशी छान बारीक झालीस!’ चक्कर येते का, हे एकजण विचारेल तर शपथ. पुढच्या वेळी ‘मावशी, माझ्या वजनावर नको बोलायला’ एवढं म्हणून मोकळी हो. उद्धट म्हणतील, म्हणू देत. महिला मंडळात हा विषय मी काढणार आहेच.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या, केडगावला त्यांना आसरा दिला. आधी त्यांना खाऊ-पिऊ घातलं, मग शिकवलं. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातांनी छापून निघालं. आधी जेवण, आधी औषध, हा आपल्याकडचा जुनाच क्रम आहे. तेव्हा तुझ्यासाठी प्रार्थना करतेच आहे, पण चक्कर आणि दोन महिने न आलेली पाळी अंगावर काढायची नाही. शनिवारी डॉक्टरबाईंकडे मी तुझ्याबरोबर येते. खाण्याबद्दल मला जे लिहिलंस ते सगळं त्यांनाही सांगायचं. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं तर तिकडेही जायचं. आईशी त्याआधी तू बोल. जमत नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येते, दोघी मिळून बोलू.

ख्रिस्तात तुझी,
मावशी